ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि वाफशाचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलायचे आहे त्यावर सहसा सभा होत नाही. पारावर मात्र तो रोज निघतो. ट्रॅक्टर बिघडला, मिस्त्रीने दोन दिवस घेतले, बिल भरले, आणि चौथ्या दिवशी तोच बिघाड पुन्हा. ऐकणारे हसतात, "आमचंही तसंच झालं" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. आम्ही तो संपू देणार नाही, कारण हा नुसता मिस्त्रीच्या स्वभावाचा प्रश्न नाही, तो आपल्या पेरणीचा प्रश्न आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे शिकवायला नको. काळी जमीन ओली असली की फाळाला चिकटते, वाळली की दगड होते. या दोहोंच्या मध्ये जे चार-पाच दिवस मिळतात त्यात सरकी टोबायची, ज्वारी पेरायची, तूर घालायची. ओलिताचा शेतकरी आठ दिवस थांबला तर पाणी देऊन सावरून घेईल. आपल्याला पाणी देणारा वर बसलेला आहे, तो आपल्या गॅरेजची वेळ पाहून पाऊस पाडत नाही. नेमक्या त्या चार दिवसांत ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेनाशी झाली तर काय होते? सऱ्या पडत नाहीत. टोबणीला सांगून ठेवलेल्या बाया सकाळी बांधावर येतात, दहा वाजेपर्यंत बसतात, मग दुसऱ्याच्या वावरात जातात. दुसऱ्या दिवशी त्या आपल्याकडे येतीलच असे नाही. मिस्त्रीच्या बिलावर यातले काहीच लिहिलेले नसते. बिलावर लिहिलेले असते फक्त ऑईल सील, ओ-रिंग आणि मजुरी.

कोणी म्हणेल, "आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, आम्हाला काय त्याचे?" बैलजोडी किती घरी राहिली ते मोजा, मग उत्तर मिळेल. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही तो भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून आहे. गावात आठ ट्रॅक्टर असतील आणि मृगात त्यातले दोन उभे राहिले, तर ज्यांचे वावर शेवटी नांगरायचे त्यांच्यावर तो भार येतो. ते शेवटचे कोण असतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-तीन एकरवालाच रांगेत मागे राहतो.

बिल वाचायला शिकू या

समजा एका दुरुस्तीचे बिल १४,००० रुपये झाले. त्यात सुटे भाग १२,५०० चे आणि मजुरी १,५०० ची. असेच बिल आपण नेहमी पाहतो. गिऱ्हाईक काय करते? पार्टाच्या किमतीवर काही बोलत नाही, कारण त्यावर छापील भाव असतो. घासाघीस करते ती मजुरीवर. "दीड हजार कशाचे? हजार घे." मिस्त्री थोडी कुरकुर करतो आणि हजार घेतो. तो का घेतो, हे बघण्यासारखे आहे. पार्टच्या दुकानदाराकडून त्याला कमिशन मिळते. दहा टक्के धरले तरी १२,५०० वर १,२५० रुपये झाले. म्हणजे त्याच्या हाताच्या कामापेक्षा, त्याने आपल्याला विकत घ्यायला लावलेल्या मालावर त्याची कमाई जास्त.

आता दुसरी बाजू घ्या. तोच मिस्त्री हुशार असेल, त्याने अर्धा तास ट्रॅक्टरजवळ बसून आवाज ऐकला, एक पाईप सोडला, आतला गाळ काढला, पाईप परत बसवला आणि म्हणाला, "झालं, दोनशे द्या," तर आपल्यातले किती जण आनंदाने दोनशे देतात? "फुंकर मारायचे दोनशे?" हेच ऐकू येते. १४,००० चा माणूस सहज सुटतो आणि दोनशेचा माणूस लुटारू ठरतो. मग शहाण्या मिस्त्रीने काय शिकावे? दोष शोधून काढण्यात पैसा नाही, भाग बदलण्यात आहे, एवढेच.

आमचे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. आपल्या भागात दुरुस्तीचा दर्जा घसरला आहे तो मिस्त्री लबाड आहेत म्हणून नव्हे. बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखण्याच्या कामाला, म्हणजे निदानाला, बाजारात किंमत नाही आणि शाळेत शिक्षण नाही, म्हणून तो घसरला आहे. डॉक्टर नाडी पाहून फी घेतो, औषधाचे पैसे वेगळे. ट्रॅक्टरच्या डॉक्टरला आपण फक्त औषधावर जगायला लावले आहे. मग तो औषधे लिहिणारच.

धूर काळा की निळा?

आमच्या भागात घडलेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे निदान कशाला म्हणतात ते कळेल. ज्वारीच्या मळणीला एक ट्रॅक्टर लावलेला होता. आठवड्याभरात त्याचा दम कमी झाला आणि काळा धूर सोडू लागला. मिस्त्रीने दुरूनच सांगितले, "पंप गेला." डिझेल पंप सोडवला, तालुक्याला टेस्ट बेंचवर नेला, तिथे गर्दी, तिसऱ्या दिवशी आला. बसवला. धूर तसाच. मग नोझल बदलले. धूर तसाच. शेवटी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने एअर क्लीनरची खालची वाटी सोडली. त्यात तेल नव्हतेच, ज्वारीच्या भुसाचा आणि धुळीचा चिखल होता. इंजिनाला हवाच मिळत नव्हती. डिझेल पूर्वीइतकेच जात होते, हवा अर्धी. काळा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची काजळी, दुसरे काय? वाटी धुतली, खुणेपर्यंत नवे तेल भरले, जाळी साफ केली. खर्च किती झाला ते सांगायला नको.

मळणीच्या किंवा कोरड्या रानात रोटाव्हेटर चालवण्याच्या दिवसांत तेलाचा एअर क्लीनर रोज पाहायचा असतो. तेल खुणेच्या वर भरू नये, तेही इंजिनात ओढले जाते. आणि एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीचा पट्टा सैल असेल तर गाळलेल्या हवेबरोबर न गाळलेली धूळही आत जाते. काळ्या मातीची बारीक धूळ आणि इंजिन ऑईल एकत्र आले की पॉलिशची पेस्ट तयार होते. ती पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासून काढते. दहा-वीस रुपयांचा पट्टा सैल राहिला म्हणून हजारोंचे इंजिन काम निघते. आमच्या मते कोरडवाहू भागात जेवढी इंजिने लवकर बाद होतात त्यात धुळीचा वाटा फार मोठा आहे. पण बिलावर 'धूळ' असा पार्ट नसतो, म्हणून ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

निळा धूर वेगळा. तो इंजिन ऑईल जळत असल्याचा. तेव्हाही "बोअर गेला, हाफ इंजिन करावे लागेल" हे वाक्य पाच मिनिटांत ऐकू येते. बोअर गेला असेलही. पण ते ठरवण्याचा मार्ग आहे. नोझल काढून त्या जागी गेज लावायचे आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायचे. ब्रीदरमधून किती वाफ येते ते पाहायचे. व्हॉल्व्हच्या गाईडमधून ऑईल उतरत असेल तर काम फक्त हेडचे आहे, लायनर-पिस्टनचे नव्हे. ही तपासणी जेमतेम दोन तासांची. ती न करता इंजिन खोलायला परवानगी देणे म्हणजे एक्स-रे न काढता पोट फाडायला सांगणे.

पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतो, त्याने घाबरू नये. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहायचे. आणि गॅस्केटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एकाच ट्रॅक्टरचे गॅस्केट एका वर्षात तीनदा जळते, हे कसे? हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेजने पाहिले जात नाही. हेडचे बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने, साधारणपणे मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक जोराने आवळायचे असतात. तो जोर मोजायला टॉर्क पाना लागतो. आपल्या मिस्त्रीकडे असतो लांब दांडा आणि दंडातली ताकद. एक बोल्ट जास्त, एक कमी. ट्रॅक्टरवर लोड आला की सैल बाजूने गॅस्केट फुंकते. मग कंपनीचे गॅस्केट हलके निघाले म्हणून शिव्या.

मिस्त्री कसा तयार होतो

मिस्त्रीला शिव्या देणे सोपे आहे. तो शिकला कोठे, हे विचारले पाहिजे. दहा-बारा वर्षांचा पोरगा गॅरेजवर लागला. पहिली दोन वर्षे चहा आणणे, पाने पुसणे, डिझेलने पार्ट धुणे. मग उस्ताद जे करतो ते पाहणे. उस्तादाने सांगितले नाही तरी पाहत राहणे. कित्येक उस्ताद खास काम पोऱ्याला दुसरीकडे पाठवून मग करतात, कारण पोऱ्या शिकला की समोरच गॅरेज टाकतो. अशा शाळेतून तो पोरगा विशीत मिस्त्री होतो. त्याच्या हातात कसब असते, आम्ही ते नाकारत नाही. बाभळीखाली, चिखलात, मोबाईलच्या उजेडात जे काम ही माणसे करतात ते शोरूमच्या एसीत बसलेल्याला जमणार नाही. पण त्याच्या हातात माप नसते. टॅपेटचे अंतर तो आवाजावर ठेवतो, बेअरिंगची चाल अंगठ्याने पाहतो. उस्तादाला जे माहीत नव्हते ते याला कधीच कळले नाही. वीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरला ते पुरत असे.

मग सरकारची शाळा आहेच की, आयटीआय. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना चालू आहे. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड, मेकॅनिक ट्रॅक्टर एक वर्षाचा, शेती यंत्रांचा मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक हे दोन दोन वर्षांचे. दहावी पास मुलाला प्रवेश. कागदावर सारे आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या संस्थेत जाऊन पाहा. प्रत्येक ठिकाणी हे ट्रेड नाहीत. जिथे आहेत तिथे कित्येकदा निदेशकाची जागा रिकामी, आणि स्टँडवर एक जुने इंजिन, जे वर्षानुवर्षे प्रत्येक बॅचने खोलून पुन्हा बसवले आहे. त्या इंजिनात कधी बिघाड होत नाही, कारण ते कधी चालतच नाही. मुलगा खोलणे-जोडणे शिकतो, बिघाड शोधणे शिकत नाही. चिखल भरलेला, लोड घेताना धाप लागलेला, मालक डोक्यावर उभा असलेला ट्रॅक्टर त्याने पाहिलेलाच नसतो.

बरे, त्यातून जो मुलगा चांगला निघतो तो जातो कोठे? चाकणला, वाळूजला, पुण्याला. कारखान्याच्या पट्ट्यावर दिवसभर एकाच जागेचे चार बोल्ट आवळतो. पगार ठरलेला, अंगाला ग्रीस नाही. त्याला दोष कोण देईल? पण हिशेब काय झाला? गावातून मुलगा गेला, सरकारचा शिक्षणावर खर्च झाला, आणि गावातला ट्रॅक्टर दुरुस्त करायला पुन्हा तोच न शिकलेला पोऱ्या. शिकलेला दुरुस्ती करत नाही आणि दुरुस्ती करणारा शिकलेला नाही.

यंत्रांसाठी योजना पुष्कळ आहेत. ट्रॅक्टरला अनुदान, रोटाव्हेटरला अनुदान, पेरणी यंत्राला अनुदान, गटाला अवजार बँक. प्रशिक्षणाचेही कलम त्यात लिहिलेले असते. पण गावात येऊन पोहोचते ते यंत्र, तेही फुलांचा हार घालून, फोटो काढून. त्या यंत्राचा गिअर बॉक्स फुटला तर कोण पाहील, हा प्रश्न हार घालताना कोणी विचारत नाही. कित्येक अवजार बँकांच्या शेडमध्ये दोन-दोन हंगाम उभी असलेली यंत्रे तुम्हीही पाहिली असतील. एका बेअरिंगवाचून.

नवे यंत्र, जुना पाना

आता जी अडचण येऊ घातली आहे ती आजच्यापेक्षा मोठी आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी या ट्रॅक्टरमध्ये कॉमन रेल पद्धतीची इंजिने आली. त्यात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे यांत्रिक पंप ठरवत नाही, सेन्सर आणि संगणकाची डबी ठरवते. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० च्या आतले आहेत, म्हणून अजून झळ कमी आहे. पण मोटरसायकल पाहा. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आले. गावातल्या मिस्त्रीला चेक इंजिनचा दिवा लागलेला दिसतो आणि तो बॅटरीची वायर काढून परत लावतो. दिवा कधी विझतो, बिघाड तिथेच राहतो.

यात एक धोका आहे, तो गावातल्या प्रत्येक मिस्त्रीला सांगा. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहायला चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाईपचा नट सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. छान युक्ती आहे, शिकण्यासारखी आहे. पण कॉमन रेल इंजिनावर ती कधीही करू नये. तिथे डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींच्या वर असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागू शकतो. तसे झालेच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये, लगेच मोठे हॉस्पिटल गाठावे. उस्तादाने शिकवलेली विद्या यंत्र बदलले की जिवावर येते, ती अशी.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावे का? जावेच लागते, कारण डबीतली गोष्ट वाचणारा स्कॅनर त्यांच्याकडेच असतो. तिथला अनुभवही सगळ्यांना आहे. पहिली मोफत सर्व्हिस बहुतेक ट्रॅक्टरची ५० तासांच्या आसपास असते. माणूस येतो, ऑईल बदलतो, कार्डावर सही घेतो. त्या सर्व्हिसमध्ये पुस्तकाप्रमाणे काय काय तपासायचे होते त्याची यादी तुमच्याच पुस्तकात मागच्या पानांवर आहे. सही करण्याआधी ती यादी त्याच्यासमोर वाचायची. न वाचता येत असेल तर शाळेतल्या मुलीला शेजारी उभी करा, ती खणखणीत वाचेल.

कंपन्यांनी विद्या आणि सुटे भाग आपल्या मुठीत ठेवायचे, बाहेरच्या मिस्त्रीला द्यायचे नाहीत, हा रोग फक्त ट्रॅक्टरचा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना याच कारणासाठी २,५४४ कोटींचा दंड लावला होता, आणि सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात द्या असा आदेश दिला होता. कंपन्या अपिलात गेल्या, त्या जाणारच. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात करावी म्हटले त्यात शेतीची अवजारे आहेत. त्याच डिसेंबरात त्यासाठी सरकारी पोर्टलही उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने मात्र कायदाच केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथे शेतीयंत्रांच्या कंपन्यांना दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग आणि संगणकाची साधने शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीला द्यावी लागतात. तिकडचा शेतकरी हजारो एकरांचा आणि त्याचा ट्रॅक्टर आपल्या अख्ख्या गावाच्या किमतीचा. तरी हंगामात यंत्र उभे राहिले आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागली की त्याचीही तडफड आपल्यासारखीच होते.

लोहाराचे बलुते आणि आजचा मिस्त्री

आपल्या गावात पूर्वी वखराची पास, तिफणीचे फण, गाडीची धाव पाहायला लोहार-सुतार होते. त्यांना कामागणिक पैसा नव्हता, वर्षाला खळ्यावर धान्य होते. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, खळ्यावर हात पसरावे लागत, ती परत यावी असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. पण त्यातला एक हिशेब पाहण्यासारखा आहे. अवजार मोडो न मोडो, त्याचे धान्य ठरलेले. मग अवजार न मोडण्यात त्याचाच फायदा, कारण मोडले की काम वाढते, धान्य वाढत नाही. आजच्या मिस्त्रीचे उलटे आहे. आपला ट्रॅक्टर नीट चालला तर त्याची चूल पेटत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. पाच-सहा गावांतल्या २५ ट्रॅक्टरवाल्यांनी एकत्र यावे आणि एका चांगल्या मिस्त्रीशी वर्षाचा करार करावा. समजा प्रत्येकी ६,००० रुपये. वर्षाला दीड लाख झाले, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार, काम असो वा नसो. त्या बदल्यात त्याने वर्षातून चार वेळा प्रत्येक ट्रॅक्टर पाहायचा: रोहिणीच्या आधी, डवरणीच्या सुमारास, रब्बी पेरणीपूर्वी आणि उलंगवाडीनंतर. एअर क्लीनर, ऑईल, क्लचची मोकळी चाल, हायड्रॉलिकची जाळी, डिझेल फिल्टरमधले पाणी, टॅपेट. बिघाड झाला तर निदान मोफत, भाग बदलायचे तर पार्टचे पैसे वेगळे आणि ते शेतकऱ्याने स्वतः दुकानात द्यायचे. मोठ्या कामाची, म्हणजे क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो तशा कामाची, मजुरी आधी ठरवायची आणि मग त्यात घासाघीस नाही. पहिल्या वर्षीच्या रकमेतून त्याला टॉर्क पाना, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज आणि नोझल तपासायचा हातपंप घेऊन द्यायचा. ही हत्यारे गटाच्या मालकीची राहतील, मिस्त्री बदलला तरी गावात राहतील. जिथे शेतकरी उत्पादक कंपनी आहे तिने हे काम अंगावर घ्यावे. नुसते बियाणे-खते विकून कंपनी होत नाही.

हे सगळीकडे जमेल असे आम्हाला वाटत नाही. २५ जणांत दोघे पैसे बुडवणारे निघतील, आणि मिस्त्री ज्याच्या घरी चहा चांगला त्याचा ट्रॅक्टर आधी पाहील. पण ज्या गावात दहा माणसे शब्दाला पक्की आहेत तिथे करून पाहण्यासारखे आहे.

शिक्षणाचे काय? मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी बुदनी येथे केंद्र सरकारची शेती यंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे, १९५५ पासूनची. देशात विकले जाणारे ट्रॅक्टर तिथे तपासले जातात. नागपूरहून इटारसी आणि पुढे नर्मदापुरम, तिथून नदी ओलांडली की बुदनी. तिथे शेतकऱ्यांसाठी आणि मेकॅनिकांसाठी लहान मुदतीचे वर्ग चालतात. आपल्या भागातून तिथे कोण जाऊन आले, असे आम्ही मागच्या चार-पाच बैठकांत विचारले, हात फारसे वर आले नाहीत. अकोल्याच्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांत शेती अवजारांचे अभियंते आहेत. त्यांना आपण बोंडअळीवर बोलवतो, एअर क्लीनरवर कधी बोलावले नाही. बोलवावे. ते येतील.

गॅरेजवर काम करणाऱ्या पोराला दहावी करायला लावून आयटीआयला पाठवणे हे आमच्या मते सगळ्यात फळ देणारे काम आहे. शाळेतून थेट गेलेल्या मुलापेक्षा तो दहापट शिकतो, कारण त्याला प्रश्न आधीच पडलेले असतात. त्याचा उस्ताद त्याला सोडणार नाही. तिथे गावाने मध्ये पडावे.

फसवणूक झालीच तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरतो त्या ट्रॅक्टरचा मालक ग्राहक ठरतो. वकील लागतोच असे नाही. पण एक गोष्ट लागते, ती म्हणजे कागद. आणि तीच आपल्याकडे नसते. वहीच्या चिटोऱ्यावर 'काम ९,०००' असे लिहिलेले घेऊन कोणी आयोगापुढे उभे राहू शकत नाही.

म्हणून मिस्त्रीकडे ट्रॅक्टर टाकताना कागदावर लिहून घ्यायचे: तारीख, तासांच्या मीटरचा आकडा, आपली तक्रार काय, त्याने काय तपासले, काय सापडले. भाग बदलला तर जुना भाग गोणीत घालून घरी आणायचा. तो भंगारात विकू नका, निदान वर्षभर ठेवा. नव्या भागाचे दुकानाचे पक्के बिल घ्यायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ठरावीक सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो फरक दुकानदाराने तुम्हाला दिला की नाही हे पक्क्या बिलाशिवाय कळणार नाही. आणि मीटरची वायर कोणी काढून ठेवली असेल तर आज घरी जाऊन जोडा. तासच माहीत नसतील तर ऑईल केव्हा बदलायचे हे कोण सांगणार?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने मागच्या वर्षातली दुरुस्तीची जी काही बिले, चिठ्ठ्या घरात सापडतील त्या पिशवीत घालून आणाव्यात. मालकीण बाईंना विचारा, त्यांना बरोबर माहीत असते कोणत्या डब्यात आहेत. इथे सतरंजीवर बसून आपण पार्टाचा आकडा एका बाजूला आणि मजुरीचा दुसऱ्या बाजूला लिहू, एकच काम किती वेळा झाले ते मांडू. त्या दिवशी तीन-चार गावांतल्या मिस्त्र्यांनाही बोलावले आहे. त्यांचे म्हणणे आधी ऐकायचे, मग आपले मांडायचे. चहा त्यांना आपल्या आधी.